एक शाळा, दोन निवारे : प्रकल्प नोंदी, २०२५

१९ मार्च

विषय नक्की झाला. वर्धा नदीकाठच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा पुरात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा निवारा म्हणून वापरायची तर तिच्यात काय बदल लागतील, याचा आराखडा करायचा. गट स्थापत्य पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचा घेतलाय. शेवटच्या वर्षाची मुलं मेमध्ये पास होऊन निघून जातात, आणि या कामाला उन्हाळा, पावसाळा आणि पाऊस उघडल्यावरचा उकाडा असे तिन्ही लागणार. गावाचं नाव वहीत लिहायचं नाही असं ठरलंय, कारण कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे तेही इथेच येणार.

तहसीलमध्ये दोन फायली पाहायला मिळाल्या. एक उष्णतेच्या लाटेची, मार्च ते जून. दुसरी पुराची, जून ते सप्टेंबर. पहिलीत आरोग्य खात्याचे फोन नंबर, दुसरीत महसूल आणि पाटबंधारे. गावपातळीवर मात्र दोन्हींत तीच माणसं: कोतवाल, पोलीस पाटील, आशाताई, जलसुरक्षक. इमारतही तीच. एका फाइलीत दुसरीचा उल्लेख कुठेही नाही. एक संकट संपलं की त्याची फाइल बंद होते आणि दुसरी उघडते, असं धरून चाललेले कागद आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात २०२२ साली मार्चपासून उन्हाने भाजून काढलं आणि जुलैत वर्धा-इरईला पूर आले, यातलं ऊन एका फाइलीत आणि पूर दुसरीत आहे. जणू दोन वेगळी गावं.

२ एप्रिल

शाळेची मोजणी. चार वर्ग, दोन स्लॅबचे, दोन पत्र्याचे. प्रत्येक वर्ग २० बाय २४ फूट. जोतं रस्त्यापासून अडीच फूट. २०२२ च्या पुराची खूण कुंपणाच्या भिंतीवर अजून दिसते, ती जोत्यापेक्षा चार बोटं खाली. मुलांनी ऑटो लेव्हल (उंचीची पातळी मोजायची दुर्बीण) लावून तीच पातळी गावभर फिरवली आणि घरोघरी खडूने रेघ मारली. हे काम मला सगळ्यात आवडलं. नकाशावर निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, हे वर्गात शिकवून मुलांच्या डोळ्यांत काही हलत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर खडूची रेघ आली की घरातली बाई लगेच विचारते, "म्हणजे सिलिंडर कुठं ठेवू जी?"

तहसीलच्या यादीत शाळेची क्षमता १६० माणसं. वर्गाला चाळीस, कारण पटावर तेवढी मुलं मावतात. आपत्तीत निवाऱ्यासाठी जगभर वापरलं जाणारं 'स्फिअर' मानक माणशी साडेतीन चौरस मीटर मागतं. ४८० चौरस फूट म्हणजे साधारण ४५ चौरस मीटर. वर्गात बारा-तेरा माणसं. चारही वर्ग धरून पन्नास. हा फरक फक्त आरामाचा नाही. शांत बसलेलं माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतं. चाळीस माणसं म्हणजे चार किलोवॅटची शेगडी वर्गात पेटवून दारं लावून घेतल्यासारखं. पावसाळ्यात दारं लावावीच लागतात.

किल्लीचा प्रश्न. मेमध्ये शाळेला सुट्टी, मुख्याध्यापक सर तालुक्याला राहतात, किल्ली त्यांच्याकडे. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असताना निवाऱ्याला कुलूप. सर भले माणूस, लगेच म्हणाले दुसरी किल्ली कोतवालाकडे देतो, पण तसं पत्र पाहिजे. पत्र ग्रामपंचायतीने द्यायचं की केंद्रप्रमुखांनी, इथे गाडी अडली आहे.

११ एप्रिल

मुलांना वाचायला जपान दिलं होतं, २०१८ चा जुलै. आज त्यावर बसलो.

जूनच्या अखेरीपासून पश्चिम जपानवर पाऊस थांबून राहिला. ६-७ जुलैला हिरोशिमात डोंगर घसरले, ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहराच्या माबी भागात ओदा नदीचे बांध फुटले. देशभरात दोनशेहून जास्त माणसं गेली. एकट्या माबीत ५१, त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची, अनेकजण स्वतःच्याच घराच्या तळमजल्यावर सापडली. पुराचा नकाशा शहराने आधीच काढलेला होता आणि पाणी जवळजवळ त्या नकाशाबरहुकूमच आलं. एका मुलीने विचारलं, मग नकाशा असून उपयोग काय? उत्तर मी दिलं नाही. आपल्याकडे तोच नकाशा खडूने काढताना तिला ते हळूहळू कळेल.

बांध का फुटले हे स्थापत्यच्या मुलांनी नीट समजून घ्यावं असं आहे. ओदा ही ताकाहाशी या मोठ्या नदीची उपनदी. मोठी नदी तुडुंब भरल्यावर उपनदीचं पाणी आत शिरेना, उलट मागे फुगलं. हा फुगवटा. आपल्या गावाचा नालाही असाच वर्धेला मिळतो. पुढे वढा गावाजवळ वर्धेला पैनगंगा मिळते, आणि मग वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते. खालची नदी भरलेली असली की वरच्यांची कोंडी होते. जपान्यांनी नंतर ओदाचा संगमच सुमारे ४.६ किलोमीटर खाली नेला. आपल्याकडे लोक कोळसा खाणींच्या नदीकाठच्या मातीच्या ढिगाऱ्यांकडे बोट दाखवतात. ढिगारे सरकवणं आमच्या प्रकल्पात बसत नाही.

पण हा प्रसंग निवडला तो पुढच्या दोन आठवड्यांसाठी. पाऊस ८ जुलैच्या सुमारास थांबला, ढग हटले आणि प्रशांत महासागरावरचा उच्च दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकून जपानवर बसला. पूरग्रस्त भागात पारा पस्तिशीच्या वर. लोक शाळांच्या व्यायामशाळांत आसऱ्याला होते, त्यांत एअर कंडिशनर नव्हते. सरकारला ते घाईने पाठवावे लागले. घरातला गाळ उपसायला आलेल्या स्वयंसेवकांना ऊन लागायला लागलं. २३ जुलैला टोकियोजवळच्या कुमागायाला ४१.१ अंश, त्या वेळेपर्यंतचा देशाचा उच्चांक. त्याच दिवशी तिथल्या हवामान खात्याने या उष्णतेला 'आपत्ती' म्हटलं. १६ ते २२ जुलै या एका आठवड्यात २२,६४७ जणांना ऊन लागलं म्हणून रुग्णवाहिकेने हलवावं लागलं. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी गणित मांडलं: माणसाने केलेली तापमानवाढ वगळली तर अशी लाट येण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

चर्चेतून फळ्यावर एकच वाक्य उरलं, ते तसंच इथे: पहिल्या संकटाने जे काढून नेलं त्याच्याच भरवशावर दुसरं संकट सोसायचं असतं. वीज, विहिरीचं पाणी, पंखा, फ्रिजमधलं इन्सुलिन, शेजारीण.

२४ एप्रिल

आजची नोंद लांबणार, कारण प्रकल्पाची दिशा आज फिरली.

उष्णतेच्या फाइलीत 'थंड खोली' आहे: स्लॅबचा वर्ग, दोन मोठे कूलर, माठ, ओआरएस. विदर्भात याहून शहाणपणाची सोय नाही. पण हीच खोली पुरानंतर वापरायची तर? मुलांना गणित करायला दिलं.

कूलर हवा कितपत गार करू शकतो याची एक तळरेषा असते, वेट बल्ब तापमान. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर पारा जिथे थांबेल ते. मेची दुपार धरा, ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के: वेट बल्ब साधारण २४. वाळ्याच्या ताट्या चांगल्या ओल्या असल्या तर कूलरसमोर २८ पर्यंत हवा मिळते. आता पूर ओसरल्यानंतरची दुपार धरा, ३५ अंश आणि ७५ टक्के: वेट बल्ब ३१. इथे कूलर फार तर ३२ पर्यंत आणेल, आणि तेही हवा आणखी दमट करून. म्हणजे मेमधलं आपलं सगळ्यात भरवशाचं हत्यार जुलै-ऑगस्टात बोथट.

मुलांचा पहिला निष्कर्ष होता की मग मे सुरक्षित आणि ऑगस्ट धोक्याचा. तसं नाही. कोरड्या उन्हात घाम दिसण्याआधी वाळतो, अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. दमट उकाड्यात घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. दोन वेगळ्या वाटांनी माणूस एकाच ठिकाणी पोहोचतो. माणसाची सहनशक्ती वेट बल्बच्या ३५ अंशांपर्यंत असते असं आधी मानत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. आपल्या निवाऱ्यात तरुण धडधाकट माणसं नसणारच. ती ट्रॅक्टरवर, नाहीतर घरच्या माळ्यावर.

आता नियमाकडे. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त लागतं, किंवा थेट ४५. पुरानंतरचे ३५ अंश यात कधीच बसणार नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर सोहळ्याला आलेली माणसं उन्हाने दगावली तेव्हाही आसपासचा पारा चाळिशीच्या खालीच होता. त्या दमट उकाड्याची फाइलच नाही. पुराची फाइल पाणी ओसरल्यावर पंचनाम्याकडे वळते, उष्णतेची जूनमध्येच बांधून ठेवलेली असते.

म्हणून विषय थोडा बदलतोय. इमारत आहेच, पण मुख्य काम पूर ओसरल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस.

९ मे

पाकिस्तान, २०२२. इथे क्रम उलटा, आधी ऊन मग पाणी. मार्चपासूनच उपखंड तापला. भारतात तो १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण मार्च ठरला, गहू होरपळला आणि १३ मेला सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. दुसऱ्या दिवशी सिंधमध्ये जेकबाबादला ५१ अंश. त्याच्या आठवडाभर आधी उत्तरेत हुंझा खोऱ्यात शिश्पर हिमनदीने अडवलेलं तळं फुटून हसनाबादचा पूल वाहून गेला. म्हणजे उन्हाळ्यातच पहिला पूर. मग ऑगस्टात सिंध-बलुचिस्तानात सरासरीच्या सात-आठ पट पाऊस. तीन कोटी तीस लाख लोकांना फटका, सतराशेहून जास्त मृत्यू, आणि सिंधचा सखल भाग कित्येक आठवडे पाण्याखाली. सेहवान शहर वाचवायला मंचर तलावाचा बांध मुद्दाम फोडावा लागला.

गटातल्या एकाने सरळ प्रश्न टाकला: "सर, आधी जास्त तापलं म्हणून नंतर जास्त पाऊस पडला का?" वर्तमानपत्रं असंच लिहितात, आणि ते अर्धंच खरं. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. समुद्र तापलेला असला की ते बाष्प पुरवणारं कोठारही मोठं होतं. तापलेल्या जमिनीकडे मान्सूनची ओढ वाढते. पण त्या वर्षी ला नीनाही होती, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार. जेकबाबादच्या ५१ अंशांनी सिंधचा पूर आणला असं कोणी म्हणत नाही. जागतिक तापमानवाढीने दोन्हींचं पारडं जड केलं, हे मात्र अभ्यासकांनी मोजलंय: भारत-पाकिस्तानातली ती वसंतातली लाट येण्याची शक्यता सुमारे तीसपट वाढली होती. पावसाबद्दल त्यांचा आकडा जास्त सैल आहे आणि तसं त्यांनी सांगितलंही आहे. फासे दोन वेगळे, पण दोन्ही एकाच बाजूला जड केलेले. मुलाचं समाधान झालं नाही. चांगलं आहे.

२७ मे

नवतपा सुरू होऊन तिसरा दिवस आणि अंगणात चिखल. २४ मेला मान्सून केरळात, काल मुंबईत. मुंबईच्या नोंदींतलं हे सगळ्यात लवकरचं आगमन. छपरांवर चुना मारायचा बेत होता तो गेला. पत्र्यावर चुना आणि फेविकॉलचा पांढरा हात मारला तर आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असा अहमदाबादचा अनुभव आहे, तोही गरीब वस्त्यांतल्या पत्र्यांवरचा. पण चुना सुकायला कोरडे दिवस लागतात आणि पाऊस तो धुऊन नेतो. म्हणजे दरवर्षी मारायचा, तोही होळीच्या सुमारास. कोणाच्या खर्चाने?

गावात लोकांनी सरकीची पोती काढून ठेवली आहेत. कोतवाल म्हणाला, "पेरू नका म्हनून मुनादी देली, पन आभाळ पाहून कोन ऐकते?"

११ जून

मान्सून मेअखेरीला अडखळला तो तसाच. ऊन परत आलं, आणि मेमधल्या पावसाने जमीन ओली असल्याने ते कोरडंही नाही. मिरगात पेरलेलं वाया जायची भीती.

आराखड्याच्या दृष्टीने हे लिहून ठेवण्यासारखं: तारखांवर चालणाऱ्या दोन्ही फायली यंदा मेमध्येच चुकल्या. १ जूनला पूर नियंत्रण कक्ष सुरू झाला तेव्हा बाहेर ऊन, आणि उष्णतेच्या फाइलीतला माठ मेच्या पावसात उचलून ठेवलेला. निवारा तारखेवर नाही तर खोलीत टांगलेल्या दोन आकड्यांवर उघडायचा, तापमान आणि आर्द्रता. दोन्ही दाखवणारं घड्याळासारखं यंत्र बाजारात काही शे रुपयांना मिळतं. एक स्लॅबच्या वर्गात टांगलं, एक पत्र्याच्या.

२८ जून

विजेचा हिशेब. पुरात महावितरण आधी वीज बंद करतं, आणि ते बरोबरच आहे. प्रश्न रात्रीचा. सध्याचे छताचे पंखे ७५ वॅटचे. एका वर्गात चार पंखे आणि चार दिवे म्हणजे ३४० वॅट. दीडशे अँपिअर-तासाच्या एका बॅटरीतून सुरक्षितपणे काढता येईल अशी वीज एक-सव्वा युनिट. साडेतीन तासांत खेळ खलास, मध्यरात्रीच. त्याच जागी तीस वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे लावले तर भार १६० वॅट आणि वेळ सात तास. पंखे बदलणं हा दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा स्वस्त उपाय, देखभालही कमी. छतावर सौर पॅनल हवंच, पण ढगाळ दिवसांत त्याच्याकडून फार अपेक्षा नाही, म्हणून रात्रीचा हिशेब पॅनलशिवाय केला.

बॅटरी कुठे ठेवायची यावर अर्धा तास वाद. खालच्या कपाटात नको, पुराच्या खुणेपेक्षा बरीच वर पाहिजे. पण छताजवळ नको, पत्र्याखालच्या उष्णतेने बॅटरी लवकर मरते. ठरलं: स्लॅबचा वर्ग, उत्तरेची भिंत, कमरेएवढ्या उंचीवर बांधीव फडताळ, वर जाळी. एका फडताळात पूर आणि ऊन दोन्ही आले. हेच कागदावर आणायला दोन खात्यांना काय अडचण असते कोण जाणे.

९ जुलै

पूर्व विदर्भात दोन दिवस झोडपून काढतोय. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली, वैनगंगेकाठी वाहतूक ठप्प. २०२० च्या ऑगस्टअखेरीला असाच वरून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडे हाहाकार झाला होता. तिकडची माणसं दारं किती उघडली ते मोबाइलवर पाहत बसतात.

आपल्याकडे वर्धा चढली पण गावात आली नाही. नाला मात्र पहाटेच उलटा फिरला. गावाबाहेरचा रपटा (नाल्यावरचा बुटका पूल) पाण्याखाली, गाव तुटलं. घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी रस्ता जातो, हे मुलांनी आज डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे डायलिसिसवाले काका, दिवस भरलेली सून, ऑक्सिजनवरची म्हातारी यांना शाळेत न्यायचंच नाही, रपटा बुडण्याआधी तालुक्याला न्यायचं. यादी दोन रकान्यांत फोडली: 'आधी बाहेर' आणि 'नंतर शाळेत'. आशाताईंनी बसल्या जागी सगळी नावं सांगितली. आमचा सर्व्हे त्यांच्या डोक्यात आधीपासून होता.

१८ जुलै

उघडीप. ऊन कडक, जमीन वाफाळलेली. अकरा वाजता पत्र्याच्या वर्गात ३४ अंश, ७० टक्के. वेट बल्ब काढलं तर २९ च्या वर. मुलं पाढे म्हणत होती, बाई पदराने वारा घेत होत्या, आणि उष्णतेचा इशारा अर्थातच नाही. जुलैत तो कोण देणार? स्लॅबच्या वर्गात त्याच वेळी दीड अंश कमी, पण हवा कोंडलेली. समोरासमोरच्या खिडक्यांपैकी मागच्या बाजूच्या विटांनी बुजवलेल्या आहेत, चोरीच्या भीतीने. त्या उघडून जाळी बसवली तर जो फरक पडेल तो कोणत्याही यंत्राने पडणार नाही. प्रकल्पातली सगळ्यात स्वस्त सूचना हीच.

पाण्याचंही आजच पाहिलं. नाल्याकाठच्या विहिरीत गढूळ पाणी शिरलंय. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची चाचणी घेतो, पण त्याच्याकडची पावडर उघड्या पोत्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. उष्णतेत टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो. मेमधल्या उन्हाने जुलैतल्या विहिरीची औषधपावडर आधीच निकामी केलेली असते. दोन संकटांमधला इतका सरळ धागा मला एकाही अहवालात सापडला नव्हता, तो एका गोणपाटात सापडला. झाकणाचा डबा, स्लॅबची खोली, दर महिन्याला चाचणी, यादीत टाकलं. माणशी १५ लिटर पाण्याचं स्फिअरचं माप धरलं तर पन्नास जणांना रोज साडेसातशे लिटर. शाळेची टाकी पाचशेची.

६ ऑगस्ट

जपानचा उच्चांक काल पुन्हा मोडला. ३० जुलैला ताम्बा इथे ४१.२, आणि काल इसेसाकीला ४१.८.

पैशांचं शोधतोय. केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत पूर आहे, गारपीट आहे, टोळधाडीसारखं किडींचं संकट आहे, अगदी थंडीची लाटही आहे. उष्णतेची लाट नाही. राज्यांना आपत्ती निधीतला दहा टक्क्यांपर्यंत भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरता येतो, पण ते राज्याने ठरवायचं. आम्ही मार्ग काढला तो साधा: पंखे, बॅटरी, खिडक्या, टाकी हे सगळं 'पूरनिवारा बळकटीकरण' म्हणून मागायचं. ते खोटंही नाही.

१२ ऑगस्ट

इसेसाकीच्या विक्रमाला आठवडा व्हायच्या आत क्यूशूत कुमामोतोला अतिवृष्टीचा सर्वोच्च इशारा, पूर. या वेळी आधी ऊन, मग पाणी. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका मुलाने बातमी टाकून फक्त लिहिलं, "सर, क्रम बदलला." आराखड्यात 'पुरानंतरचा उकाडा' असं शीर्षक होतं, ते खोडून 'दोन्हींच्या मधले दिवस' केलं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर ग्रामसभेत मांडलं. सरपंचताईंनी आम्हाला दहा मिनिटं दिली, चर्चा तासभर चालली आणि बहुतेक बकऱ्यांवर.

"पुरात शाळेत येऊ जी, पन बकऱ्या कुठं बांधू? त्याईले सोडून मी नाई येत." एक आजी. मागून चार-पाच बायांनी मान डोलावली. २०२२ ला त्या घराच्या माळ्यावर का थांबल्या होत्या ते कळलं. आमच्या आराखड्यात जनावरं एका ओळीत होती, 'पशुधनाचे स्थलांतर'. ठरलं की शाळेमागचा गुरांचा आखर उंचावर आहे, तिथे चार खांब आणि पत्रा. सावली उन्हाळ्यातही लागेलच. दुपारी गुरं तिथेच उभी असतात.

दुसरी हरकत एका तरुण शेतकऱ्याची: "पाणी उतरल्यावर आम्ही शाळेत बसून का करू? गाळ कोन काढंन?" बरोबर आहे. गाळ काढायलाच जावं लागतं, आणि तेच सगळ्यात धोक्याचं काम. त्याच्याशी बोलूनच वेळा ठरवल्या: सकाळी सहा ते दहा, मग चारनंतर, एकट्याने घरात शिरायचं नाही, अर्ध्या तासाला सावली आणि पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे अंगणवाडीताईंनी सगळ्यांकडून पाठ म्हणवून घेतलं. आशाताईंनी भर घातली ती महत्त्वाची: रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्या घेणाऱ्यांवर वेगळं लक्ष. आणि गाळात उतरलेल्यांना लेप्टोची (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) गोळी, पण डॉक्टरांनी दिली तरच.

किल्ली अखेर सुटली. ठराव झाला, एक कोतवालाकडे, एक सरपंचताईंकडे.

१२ सप्टेंबर

खिडक्या उघडल्या, जाळ्या बसल्या. पंखे एका वर्गात बदलले, लोकवर्गणीतून. फडताळ बांधून तयार आहे पण त्यावर बॅटरी नाही. टाकीचा प्रस्ताव पंचायत समितीत. आखराचे खांब उभे आहेत, पत्रा नाही.

अंतिम आराखडा एका पानावर बसवला. वर दोन आकड्यांचा तक्ता: खोलीतलं तापमान आणि आर्द्रता यांची कोणती जोडी आली की काय करायचं. खाली दोन रकान्यांची यादी, किल्ली कोणाकडे, टीसीएल कुठे, गाळाच्या वेळा. मार्च ते ऑक्टोबर, एकच पान. सादर करायला गेलो तर एका कार्यालयाने सांगितलं की आमच्याकडे फक्त पुराचं येतं, उष्णतेचं पलीकडच्या टेबलावर. पलीकडच्या टेबलाने सांगितलं की उष्णतेचं आता मार्चमध्ये आणा. मुलांनी तिथल्या तिथे झेरॉक्स काढली, दोन प्रतींवर दोन शीर्षकं हाताने लिहिली आणि दोन्ही टेबलांवर दिली. दोन्हींचे आवक क्रमांक वहीच्या मागच्या पानावर आहेत.

छपराचा चुना होळीनंतर. त्याआधी पत्र्याचे गंजलेले जे-बोल्ट बदलायचे आहेत; नवा गट जानेवारीत येईल, त्यांना पहिलं काम तेच.